देऊन राहिलो

शुक्रवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी धम्मानंद खोब्रागडे दिवसाची तिसरी बिल्टी लिहीत होता. रायपूरला चाललेले पंख्यांचे बेचाळीस खोके. नागपूरजवळच्या वाडीतल्या या ट्रान्सपोर्ट गोदामात तो चौदा वर्षे हेच करतो. माल कोणाचा, कुठे चालला, डाग म्हणजे नग किती, हे लिहायचे आणि तीन प्रती फाडायच्या. टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. त्याने पेन खाली ठेवले, बिल्टीबुकाचे पुठ्ठ्याचे कव्हर उघडले आणि आत चिकटवलेला कागद वाचला.

"मी कर्जफेड योजनेत आहे. जे सांगायचं ते कृपया लेखी कळवा. फोनवर मी कोणतंही आश्वासन देणार नाही."

"काका, तुमी वाचून दाखवून राहिले का?" पलीकडच्या मुलीने विचारले.

"हो."

"मंग ऐका, मी बी वाचूनच दाखवते." आणि तिने तिचा कागद वाचला.

दोघांचे वाचून झाल्यावर फोन बंद झाला. वसुलीचे असे फोन पूर्वी दिवसाला तीस यायचे, आता चार येतात. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि मोनालीने, म्हणजे त्याच्या बायकोने, मिहानकडे नोकरीवाल्या पोरांसाठी मेस काढली होती. ती आठ महिन्यांत बंद पडली आणि मागे सात ठिकाणचे कर्ज उरले. नऊ महिन्यांपूर्वी सीताबर्डीतल्या एका सल्ला केंद्राने त्याची योजना बांधून दिली. पगार चोवीस हजार. त्यातले अकरा हजार दोनशे दर महिन्याच्या दहा तारखेला केंद्रात भरायचे. तिथून ते सातही जणांना कर्जाच्या प्रमाणात वाटले जातात. नवे कर्ज घ्यायचे नाही, योजनेबाहेर कोणाला गुपचूप काही द्यायचे नाही. हप्ता एकदाही चुकलेला नाही.

"बाबू, हे वाचून दे गा."

नत्थू समोर उभा होता. वय अठ्ठावन्न, कुहीकडचा, गोदामातला सर्वांत जुना हमाल. हमालांची पत्रे गोदामाच्या पत्त्यावर येतात आणि ती वाचून द्यायचे काम धम्मानंदचे. त्याने पाकीट फोडले. सोने तारण ठेवणाऱ्या एका कंपनीची नोटीस होती. नत्थूच्या नावावर चाळीस हजारांचे कर्ज, तारण म्हणून बायकोचे, बायजाबाईचे, डोरले आणि एक गोफ. व्याजाचे नऊ हजार आठशे साठ रुपये अठ्ठावीस तारखेपर्यंत न भरल्यास दागिन्यांचा लिलाव. खाली कर्ज उचलल्याची तारीख होती.

ती तारीख त्याला पाठ होती. त्याच दिवशी दुपारी नत्थूने डब्याच्या पिशवीतून चाळीस हजार काढून त्याच्या हातावर ठेवले होते. मेससाठी डीप फ्रीझर घ्यायचा होता. "घरात पडूनच होते," असे नत्थू म्हणाला होता.

"काय म्हणते?" नत्थूने विचारले.

"वाचून राहिलो, काका."

"लय बारीक लिवलं का?"

"आठवणपत्र आहे," धम्मानंद म्हणाला. "भरायची आठवण."

नत्थूने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि तो गाडीकडे गेला.

सात जणांच्या यादीत नत्थूचे नाव नव्हते. का नव्हते, हे धम्मानंदने मोनालीलाही सांगितलेले नाही.

यादी करणारी केंद्रातली मिनल तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीच नाशिकहून नागपूरला आली होती. सात नावे लिहून झाल्यावर तिने विचारले, "आणखी कोणी? हातउसने वगैरे?"

"नत्थूकाकाचे चाळीस हजार आहेत," तो म्हणाला. "ते देऊन राहिलो."

नागपुरात याचा अर्थ सरळ आहे: देणे चालू आहे. मिनलच्या नाशिकच्या कानाला ते देऊन मोकळा झालो असे ऐकू आले. तिने लिहिलेल्या नावावर आडवी रेघ मारली. "म्हणजे ते मिटलं. छान."

रेघ मारायला जेमतेम एक सेकंद लागला असेल. धम्मानंद ती पाहत होता. खरे तर त्याने नत्थूला तोवर एक रुपयाही दिला नव्हता, त्यामुळे त्याचे वाक्य नागपूरच्या अर्थानेही खोटे होते आणि नाशिकच्याही. यादीतल्या प्रत्येकाला केंद्राचे पत्र जाणार होते, की या गृहस्थांना पूर्ण हप्ता परवडत नाही, तरी ठरलेला वाटा स्वीकारावा. नत्थूचे पत्र गोदामात आले असते. नत्थूने ते टेबलावर आणून ठेवले असते आणि म्हटले असते, वाचून दे गा.

एवढे एक वाचन टाळण्यासाठी त्याने ती रेघ राहू दिली. नऊ महिने त्याला शिव्या घालणाऱ्यांना वेळेवर पैसे मिळाले. रोज समोर बसून डबा खाणाऱ्याला काही मिळाले नाही, कारण त्याने मागितले नाही. सुरुवातीला एकदाच त्याने विचारले होते, "बाबू, त्याचं कसं?" आणि धम्मानंदने तेच दोन शब्द सांगितले होते.

दुपारी सव्वातीनला पुन्हा फोन आला. दुसरी कंपनी. त्याने कव्हर उघडले. "जे सांगायचं ते कृपया लेखी कळवा," इथपर्यंत वाचले आणि तो थांबला. नऊ महिन्यांत कोणीही काही लेखी कळवले नव्हते. लेखी घेऊन आला तो एकटा नत्थू.

"हॅलो? हॅलो, पुढचं वाचा ना," फोनमधला माणूस म्हणाला.

शनिवारी अर्धी सुट्टी काढून तो सीताबर्डीला गेला. मिनलने जुनी यादी काढली. रेघ तिच्याच पेनची होती.

"मी चुकीचं समजले?"

"तुम्ही चुकल्या. मी पाहत होतो."

तिने त्यावर भाषण दिले नाही. हिशेब नव्याने मांडला. नत्थूचा वाटा महिन्याला सोळाशे, बाकी सातांचे तेवढ्या प्रमाणात कमी, योजना चार महिन्यांनी लांबणार. सातांपैकी कोणी हरकत घेऊ शकतो. लिलाव थांबवण्याएवढी रक्कम एकदम योजनेतून निघत नव्हती. "वेगळी कमाई केलीत तर मला सांगायची. मी सगळ्यांना कळवणार, लपवून काही नाही." तिने पत्र छापून सही केली. "पोस्टाने पाठवू?"

"हातात द्या," तो म्हणाला.

साडेतीनला गोदामाच्या मागच्या ओट्यावर त्याने नत्थूला बसवले आणि आधी पत्र वाचले, मग पिशवीतली नोटीस मागून तीही वाचली. रक्कम, तारीख, लिलाव, सगळे.

नत्थूने तंबाखू मळायचे थांबवले. "काल काहून नाही वाचलं?"

"वाचलं होतं. तुमाले सांगितलं नाही."

"हं. म्हणजे सात कंपन्या, आन् आठवा मी?"

"हो."

"मंग मले बी फोन करा लागते का? त्या पोरींवाणी?"

"करा, काका. शिव्या द्या."

"मले नाही जमत." नत्थूने तंबाखू फेकून दिला. "बायजी दर शनिवारी विचारते, डोरलं कधी येते. मी सांगतो तिले, बाबू देऊन राहिला."

धम्मानंदने दोन्ही कागद घडी करून त्याच्या पिशवीत ठेवले.

त्याच संध्याकाळी नत्थूने मुकादमाकडून साडेसहा हजारांची उचल घेतली. म्हणजे धम्मानंदच्या कर्जापायी त्याच्यावर आणखी एक कर्ज चढले. उरलेल्या तेहतीसशे साठ रुपयांसाठी अठ्ठावीसच्या आत चार रविवार होते, आणि रविवारी मोरबीहून टाइल्सच्या गाड्या येतात. हमालाला दिवसाचे साडेआठशेच्या आसपास पडतात. धम्मानंद मुकादमासमोर जाऊन उभा राहिला. मुकादमाला वाटले, बाबू हिशेब तपासायला आला; त्याने रविवारची हमाली मागितली.

"पेन उचलणारा माणूस हाय तू," नत्थू मागून म्हणाला. "टाइल्सची पेटी उचलशील का?"

"उचलून पाहतो."

"पाहून नाही होत. उचला लागते." मग मुकादमाला म्हणाला, "लिव त्याचं नाव. माह्या जोडीले दे. पाडलं तं मी पाहतो."

शनिवार असूनही घरी जायच्या कुहीच्या बसमध्ये नत्थू चढला नाही. बायजाबाईला फोन करून त्याने काय सांगितले, ते धम्मानंदने विचारले नाही. मिनलला मात्र त्याने मेसेज केला: रविवारची हमाली, चार रविवार, नत्थूकाकाच्या व्याजासाठी. हरकत असल्यास लेखी कळवा.

उद्या रविवार. रविवारी बिल्टीचे टेबल बंद असते आणि हमालांची पाळी सकाळी सहाला सुरू होते. मुकादमाच्या वहीत उद्याच्या टोळीची अकरा नावे आहेत. अकरावे धम्मानंद खोब्रागडे.