वाढलेल्या पेशी
परवा लॅबमध्ये तपासणीसाठी रक्त द्यायला बाही वर केली आणि स्पिरिटच्या वासासरशी मला धुळ्याच्या दवाखान्यातली एक दुपार आठवली. वडिलांच्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला होता. त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आधीपेक्षा खूपच जास्त होत्या, आणि त्यांचं असं वाढत जाणं हाच वडिलांचा आजार आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. वॉर्डात आलो तर मायनं विचारलं, "पेशी वाढन्यात का रे?" मी नुसती मान हलवली. "मंग बठ्ठं बेस शे!" सगळं ठीक झालं म्हणून तिनं हात जोडले. आमच्या शेजारच्या सुनेला डेंग्यू झाला तेव्हा पेशी वाढल्या आणि ती घरी आली, एवढंच तिला ठाऊक होतं. तिनं लगेच सतरंजी गुंडाळली, भाकरीचं फडकं झटकून पिशवीत ठेवलं. वडील तर चपला घालून खाटेच्या काठावर बसलेसुद्धा. मला खरं सांगवेना. "आज नको, उद्या जाऊ," एवढंच म्हणालो. वडील चपला न काढताच आडवे झाले. "दुखलं का काका?" सुई काढताना लॅबमधल्या मुलीनं विचारलं. मी हो म्हणालो.