आप्पांचा पासवर्ड

जुन्या लॅपटॉपवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली त्या रविवारी माझे वडील, आप्पा, अनगोळच्या घरी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. पडद्यावर भाषांची यादी आली, तिच्यात 'मराठी' दिसलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मराठीत अर्ज घ्या म्हणून उभं आयुष्य सीमाभागातल्या कानडी कचेऱ्यांत भांडलेला माणूस! "न मागता दिली की गं," म्हणाले.

मग काय, सगळं मराठी. हेडमास्तरकीतून निवृत्त झाल्यावर चिकोडीच्या बाजारात, शहापूरच्या विणकरांच्या मागांपाशी बसून त्यांनी आपल्या भागातले बोलीचे शब्द जमवलेत. त्या शब्दांची फाईल त्यांच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतली. मी चहा ठेवायला गेले, तेवढ्यात त्यांनी पेनड्राइव्ह पुसून साफ केला. एक वस्तू दोन जागी असली की घोळ होतो, हा त्यांचा शाळेपासूनचा शिरस्ता. वर कीबोर्ड मराठी करून पासवर्डही मराठीत बदलला आणि लॅपटॉप बंद करून टाकला.

पुन्हा लावला, तर पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा. टाकलेला पासवर्ड दाखवणाऱ्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून पाहिलं, तर आप्पांनी कुठलीही कळ दाबली तरी इंग्रजी अक्षर उमटत होतं. आत मराठी, दारात इंग्रजी!

"दुसरीकडं कुठं ठेवलीय फाईल?" मी विचारलं.

"न्हाय."

मी त्यांचा पेनड्राइव्ह लावून पाहिला. कोरा.

"ज्यांनी शब्द सांगितले त्यातली निम्मी माणसं आता न्हाईत गं," आप्पा म्हणाले. मला त्यांचा रागही आला होता.

शेवटी लिनक्स टाकायला वापरलेला माझा वेगळा पेनड्राइव्ह पुन्हा लावला. लॅपटॉप त्याच्यावरून सुरू झाला, मी डिस्क उघडली, आणि फाईल समोर! पासवर्ड कुणी विचारलाच नाही. मी हबकलेच.

"मग ते कुलूप कशाला हुतं?" आप्पांनी विचारलं.

फाईल दोन ठिकाणी उतरवून घेतली आणि लिनक्स नव्यानं टाकलं. पासवर्डपाशी आल्यावर मी आप्पांकडे पाहिलं.

"इंग्रजी टाक," ते म्हणाले.

फाईल गेली असं वाटलं तेव्हाही बसला नव्हता एवढा धक्का मला बसला. आप्पा? इंग्रजी?

"माझा हट्ट गेला तर जाऊ दे," ते म्हणाले. "शब्द ऱ्हायला पायजेत."