डाव्या अंगठ्याला झालेला उशीर

मंगळवारी दुपारी लॅब बंद करून मी भिसेगावातल्या घरी येते, तेव्हा माझा धाकटा भाऊ टीव्हीपुढे ठाण मांडून बसलेला असतो. माथेरानच्या एका हॉटेलात तो स्वयंपाकात आहे आणि मंगळवार त्याच्या सुट्टीचा. तो डोंगर उतरून येतो, आईच्या हातचं जेवतो आणि मग व्हिडिओ गेममध्ये मला हरवतो. मी चौतीस वर्षांची, तो तिशीचा, आणि दोघंही कंट्रोलर घेऊन भांडत असतो. आई म्हणते, तुमच्यापेक्षा शेजारची पोरं शहाणी. खरं आहे तिचं.

खेळ साधा आहे. हवेत तरंगणारी एक स्टेज आणि तिच्यावर दोघांची मारामारी. मार खाऊन इथे कुणी लगेच मरत नाही. जितका मार खाल तितके लांब उडता. स्टेजबाहेर गेलात की खाली काही नाही. तिथून परत यायला हवेत एक जंप मिळते आणि सगळ्यात शेवटी एक उंच झेप. त्या झेपेत स्टेजची कड हाताला लागली तर वाचलात. कड धरल्यावर क्षणभर कुणी मारू शकत नाही, पण तिथे लोंबकळत राहिलात तर मार बसतोच.

मारामारीत मी यथातथाच, पण परत येण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. घाबरून जंप लगेच उडवायची नाही. सरळ स्टेजच्या मधोमध उतरायला जायचं नाही, कारण तिथे समोरचा टपून असतो. खालून, स्टेजच्या भिंतीच्या अंगाने वर यायचं आणि अगदी शेवटी कड पकडायची. पण भाऊ स्टेजवर वाट बघत बसणाऱ्यातला नव्हता. मला पाडायला तो स्वतःच कडेबाहेर झेपावायचा, लाथ घालायचा आणि माझ्याआधी वर जाऊन उभा राहायचा. "गेलीस गं ताई, गेलीस!" असं ओरडायचा. मला त्याचा संताप यायचा आणि मजाही वाटायची.

त्या झेपेसाठी डाव्या अंगठ्याने कंट्रोलरवरची छोटी कांडी वर ढकलायची आणि त्याच क्षणी उजव्याने बटण दाबायचं. डावा अंगठा जरा उशिरा पोचला, तर झेप होत नाही. पडद्यावरचा आपला गडी हवेत जागच्या जागी एक ठोसा मारतो आणि खाली जातो. पावसाळा सरल्यावर एका मंगळवारी माझा गडी असा ठोसा मारून पडला. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढच्या डावात पुन्हा तेच झालं. संध्याकाळपर्यंत हसणं थांबलं होतं.

"कंट्रोलर बिघडलाय हा," मी म्हटलं.

"दे हिकडं. माझा घे."

माझ्या कंट्रोलरवर त्याचा गडी मजेत वर आला. त्याच्या कंट्रोलरवर माझा पडला. मग मी भावावरच उखडले. तू काहीतरी खोडी केलीस, तुला हरायला नको असतं, असं वाट्टेल ते बोलले. कंट्रोलरमध्ये काही नाही हे मला कळलं होतं, म्हणूनच एवढी चिडले होते.

बाबांचाही डावा अंगठाच आधी गेला होता. भाताची लावणी करताना रोपांची मूठ डाव्या हातात असते आणि अंगठ्याने दोन-चार रोपं सुटी करून उजव्या हाताकडे द्यायची असतात. एका वर्षी बाबा ओळीत मागे पडायला लागले. आम्ही चिडवायचो त्यांना, म्हातारे झालात म्हणून. आई मात्र त्यांच्या वाटणीची रोपं लावून टाकायची. मग शर्टाची बटणं गेली, मग भाताचा घास. शेवटी शेवटी आई भरवायची. डॉक्टर तेव्हा आम्हा भावंडांकडे बघून म्हणाले होते, हे मुलांमध्ये उतरू शकतं, लक्ष ठेवा. आम्ही घरी येऊन तो विषय काढलाच नाही.

मी लॅबमध्ये रक्त काढते. सुई उजव्या हातात असते, ती सगळ्यांना दिसते. पण खाली कातडी ताणून शीर धरून ठेवतो तो डावा अंगठा. तो ढिला पडला की शीर सरकते. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाईंना मला दोनदा टोचावं लागलं.

"हात हलला का गं तुजा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच हलला, मावशी."

त्यांनी बिचाऱ्यांनी माझी माफी मागितली. मला स्वतःची किळस आली.

त्यानंतर मंगळवारची दुपार मला नकोशी झाली, आणि तरी मी तिची वाट बघायचे. अंगठा वेळेवर येतो का हे पाहायला मुद्दाम स्टेजबाहेर पडायचे. आला की आठवडा बरा जायचा. नाही आला की जेवण जायचं नाही. हळूहळू मी चोरवाट शोधली. खूप उंचावर असतानाच झेप घेऊन बघायची, म्हणजे अंगठा चुकला तरी पडता पडता पुन्हा प्रयत्न करता येतो. एरवी त्या दोन प्रयत्नांमधल्या फटीत भावाने मला केव्हाच लोळवलं असतं. पण दिवाळी झाली आणि माझ्या लक्षात आलं, तो कडेबाहेर येतच नाही. स्टेजच्या मधोमध उभा राहून मला वर येऊ देतो.

मी कंट्रोलर गादीवर आपटला.

"कीव करतोस माझी?"

"नाय गं ताई."

"मग कडेला ये. पाड मला."

"नको."

"मला कळत नाही होय? बाबांना आई अशीच सांभाळून घ्यायची."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आत आई भांडी घासत होती.

"बाहेर आलो तर मला पण परत जायला लागतं ना," तो म्हणाला.

मला समजायला थोडा वेळ लागला. स्वतःच्या अंगठ्याकडे बघता बघता मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदीपासून. कांदा कापताना डाव्या हातात धरलेला राहत नाय, सरकतो." मग आणखी हळू आवाजात, "आईला नको सांगू."

भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत आई बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"खेळा की. थांबलात का रं?"

आम्ही खेळायला लागलो. ती बसली होती तोवर दोघांपैकी एकानेही स्टेज सोडली नाही.