गोठ्यातली नाव

लातूर जिल्हा नवा झाला आणि नांदेडहून माझी तिथं बदली झाली, तेव्हा ट्रकमध्ये आमचा संसार कमी आणि माझी अर्धवट नाव जास्त होती. नाव म्हणजे खरीखुरी, लाकडाची. मी बांधकाम खात्यात नकाशे काढायचो. गोदावरीच्या घाटाजवळ लहानाचा मोठा झालो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावांत बसलो, आणि चाळिशी उलटल्यावर आपली एक असावी या खुळानं मला पछाडलं. किनवटकडचं सागवान जमवून परसात सांगाडा उभा केला, फळ्या ठोकायला घेणार, तोच बदलीचा हुकूम आला.

"लातुरात नाव?" ट्रकवाला म्हणाला. "तिथं प्यायला पाणी न्हाई, साहेब."

"तुम्हीच सांगा त्यांना," बायको म्हणाली. "माझं सांगून झालंय."

दुष्काळ होताच. पण मला पाण्याची नाही, सावलीची काळजी होती. त्या उन्हात सागवानसुद्धा तडकतं. भाड्याच्या खोल्यांपुढच्या अंगणात मी नाव बायकोच्या जुन्या लुगड्यांखाली झाकून ठेवली आणि कचेरीत बसलो तरी जीव तिच्यापाशी असायचा. ही गेली तर पुन्हा दुसरी माझ्या हातून होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात घरमालकाला ठोकाठोकीचा त्रास व्हायला लागला, आणि महिनाअखेरीला त्यानं ती हलवायला सांगितली.

जागा शोधायला निघालो तर गावाला जिल्ह्याचा ताठा चढलेला. रोज कुठलं तरी नवं कार्यालय येत होतं, आणि ज्याच्या डोक्यावर चार पत्रे होते तोही ते सरकारला भाड्यानं द्यायला टपून होता. गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या एका आडत्याचं गोदाम बघितलं. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, तक्क्याला टेकलेला माणूस. त्यानं भाडं सांगितलं तेव्हा मी चहा अर्धा ठेवून उठलो. माझं तोंड बघून त्यालाच दया आली असावी. "मुरुडच्या रस्त्याला आमचे पाहुणे हायेत," तो म्हणाला. "गोठा रिकामा हाय त्यांचा. माझं नाव सांगा."

पाहुणे म्हणजे साठीतले एक शेतकरी. त्यांना सगळेच आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांची देवणी बैलांची जोडी चाऱ्यापायी लेकीच्या सासरी, देगलूरकडं पाठवलेली होती. तिकडच्या ओढ्याला अजून ओल होती म्हणे. गोठा लांबरुंद, वर कौलं, आत गारवा. मी हरखून गेलो.

"भाडं तुमच्या मनानं द्या," आप्पा म्हणाले. "पर बैल आले की जागा मोकळी करायची."

मी हो म्हणालो. चांगला पाऊस होऊन चारा आल्याशिवाय बैल काही येत नाहीत, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि विचारलं मात्र नाही. रोज कचेरी सुटली की गोठ्यात. एका बाजूच्या फळ्या बसल्या, सांध्यांत सुतळी ठोकून झाली. दुसरी बाजू उघडीच होती. आप्पा कधीमधी येऊन उकिडवे बसत, बघत, आणि नावेबद्दल चकार शब्द न काढता बैलांबद्दल बोलत. थोरला कसा हाकेला मान वळवतो, धाकटा कसा खोडकर आहे.

श्रावण सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मी निर्धास्त होतो. आणि एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "आमुशाला पोळा. उद्या बैल आणाया निघतोय."

माझ्या हातातली हातोडी तशीच राहिली. आमच्या नांदेडच्या घरी पोळा म्हणजे बाजारातून मातीचे बैल आणायचे, पाटावर पुजायचे. पोळ्याला खरे बैल खऱ्या दावणीला लागतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पोळा झाल्यावर परत धाडणार ना?" मी चाचरत विचारलं.

"सणाला घरी आणलेलं जनावर लगेच हाकलत्यात व्हय?" आप्पा हसले.

पुढचे दिवस मी वेड्यासारखा फिरलो. शाळेची पडवी, बंद पडलेली तेलघाणी, एका मठाची ओसरी, सगळीकडे नकार. कुठं हसून, कुठं न हसता. रात्री झोप लागेना. उघडी बाजू उन्हात वाकली तर पुन्हा सरळ होणार नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून आवतण देतात. त्या दिवशी सकाळीच आम्ही शेजारच्या गड्यांना धरून नाव बाहेर लिंबाखाली काढली. बायकोनं गोठा लख्ख झाडला. आप्पांच्या कारभारणीनं वाटीत लोणी-हळद कालवून ठेवली. मी लिंबाच्या सरकत्या सावलीबरोबर नावेवरची लुगडी सरकवत बसलो.

दिवस मावळायच्या सुमारास आप्पा आले. एकटेच.

"थोरला बसला तो उठलाच न्हाई," ते कारभारणीला म्हणाले. "धाकटा एकटा वैरणीला तोंड लावंना. व्याह्यानं बाजारात इकून टाकला."

त्या लोणी-हळदीची वाटी घेऊन आत गेल्या. आप्पांनी तोंडावरून पाणी फिरवलं, माझ्याकडे आले आणि नावेच्या कडेला हात घातला. "चला, घ्या आत. लाकूड खराब हुईल."

मी नको म्हणायला हवं होतं. पण मी शेजारच्या गड्यांना हाक मारली आणि दुसरी कड धरली. नाव आत जाताना मला जे वाटलं तो आनंदच होता, दुसरं काही नाही. आप्पांकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. मला जायचं नव्हतं. बायको म्हणाली, आज न जाणं जास्त वाईट दिसेल. आम्ही दोघं गोठ्यात नुसते बसून होतो. दुपारी कारभारणी आल्या. डोक्यावर पदर, हातात पितळी परात, परातीत पुरणपोळ्या. दावणीपाशी क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग परात आमच्यापुढं ठेवली.

"आवतण द्यायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "पर सैपाक तर केला. आमच्या कुणाच्या घशाखाली उतरंना. तुम्ही खावा."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. आम्ही दोघं दावणीपाशी मांडी घालून बसलो आणि त्यांच्यासमोर बैलांचं जेवण जेवलो.