कॉगची पहिली उचल

माझी वहिनी थोरा हिच्या डोक्यात एकदा किडा शिरला की तो बाहेर काढायला आमच्या ऑर्कनी बेटांवरचा वारासुद्धा कमी पडतो. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार झालाय असं कळलं, तेव्हा ती एक दुपारभर रडली. संध्याकाळी प्रश्न तयार. "वन्सं, उजवा पाय झोपतो, डावा मात्र टुणटुणीत. असं का हो?"

मला काय ठाऊक! आमच्या बेटांवर प्रत्येकाच्या ओळखीत कुणाला तरी हा आजार असतोच. माझ्या आत्याला होता. घरच्यांनी तिला मायेने खाटेवर बसवलं, ती खाटेवरचीच झाली. आता माझा भाऊ मॅन्सी त्याच मायेने थोराच्या हातातून वासरांची बादली काढून घ्यायला लागला.

मग दवाखान्यातून कर्स्टी नावाची पोरगी व्यायाम शिकवायला येऊ लागली. तिने गोठ्यातल्या खांबाला रबरी पट्टा बांधला. सावकाश ओढायचा, त्याहून सावकाश सोडायचा, मध्ये बसून दम घ्यायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं.

"दमलेल्या बाईला आणखी दमवतेस?" मी तिला झापलं.

"नुसत्या विश्रांतीने हा थकवा जात नाही, मावशी. जे स्नायू अजून ऐकतात, त्यांना कामाला नको लावायला?"

"मग गोठ्यातच कशाला?"

"गार आहे म्हणून. अंग तापलं की यांच्या नसा रुसतात."

वहिनीला एवढं पुरे होतं. सकाळी ओढून बघ, जेवल्यावर ओढून बघ, कुठला हात आधी थकतो ते बघ. मीही कामं टाकून बघायला जायचे, कारण खरं सांगते, मलाही उत्सुकता लागली होती. पट्टा ओढून बाईचा थकवा कमी होतो, हे पटायला डोळ्यांनीच बघावं लागतं.

अशात तिच्या लेकीचं, इंगाचं लग्न ठरलं. लग्नात आमच्याकडे पाहुण्यांत हातोहात कॉग फिरतं. लाकडी पट्ट्यांचं, दोन कानांचं जाडजूड भांडं, त्यात घरची बिअर, रम, व्हिस्की, साखर, मिरी, सगळं कढत. आमच्या घरात ते काठोकाठ भरलेलं पहिल्यांदा उचलून नवरीच्या हातात द्यायचा मान आईचा. आईला जमलं नाही तर आत्याचा, म्हणजे माझा.

"तुम्ही नवा ड्रेस शिवू नका, वन्सं," वहिनी म्हणाली. "तुमची पाळी येत नाही."

तिने कॉग गोठ्यात नेलं. आधी अर्धं पाणी भरून उचललं, मग हळूहळू वाढवत नेलं. लग्नाच्या आठवड्यात तिने भरलेलं कॉग छातीपर्यंत उचललं आणि वासरांकडे अशी बघायला लागली, जणू त्यांनी टाळ्या वाजवायला हव्या होत्या.

लग्नाच्या संध्याकाळी हॉलमध्ये अख्खा गाव नाचून घामाघूम झाला होता. मॅन्सीने वाफाळतं कॉग टेबलावर आणून ठेवलं. सगळे गोल उभे राहिले. वहिनीने दोन्ही कान धरले, तोंडावर वाफ आली आणि तिची बोटं सैल पडली. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सराव केला तो गार पाण्यावर, गार गोठ्यात. इतके दिवस वजनाचा हिशेब केला, वाफेचा कुणी केलाच नाही.

मॅन्सीने माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी तो मान नकोसा झाला.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "दार उघडा."

"अगं, पण कॉग इथे आणि तू बाहेर..."

"सगळे बाहेर!" नवरी गरजली. "टेबलासकट!"

पुरुष कुरकुरले, एकाची टोपी वाऱ्याने थेट कुंपणापार नेली. वहिनी समुद्राकडे तोंड करून खुर्चीवर बसली. वाऱ्याने कॉगची वाफ उडवून नेली, तिचं अंग गार झालं. मग ती हात न टेकता उठली. मॅन्सी आधाराला पुढे सरकला.

"हात खाली, मॅन्सी."

तिने कॉग उचललं. सावकाश, कर्स्टीने शिकवल्यासारखं. थेंब सांडला नाही. इंगाच्या हातात दिलं, तसे पोरीचे हात एकदम खाली गेले.

"आई गं! केवढं जड आहे हे!"

वहिनीने झटकन खालून तळहात लावला.

"नीट धर," ती म्हणाली. "मी आहे खाली."