पुढच्या गाडीची हवा

बाभुळगावजवळच्या आपल्या शेतात किसनरावांनी पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आणि सोबत फुगीर टायरांच्या सहा चारचाकी क्वाड बाईक आणल्या. पाहुण्यांच्या गाड्यांपुढे वाट दाखवत चालवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. थोरली सून कोकिळा घाटंजीला माहेरी असताना ट्रॅक्टर चालवत असे. पहिल्याच दिवशी ती पदर खोचून गाडीवर बसली आणि सगळ्या वावराला वळसा घालून आली. तेव्हापासून रांगेत पुढची गाडी तिची.

हवेचं तंत्रही तिनंच बसवलं. मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटेला सात पाउंड, म्हणजे चाकाची रिम ठेचली जात नाही. ओल्या काळ्या मातीत चार, म्हणजे टायर पसरतो आणि चिखल झाडत जातो. टायरवर टाच दाबून ती आधी आकडा सांगे, मग मीटर लावी. बहुतेकदा जुळे.

मग धाकटी सून प्रेरणा आली. यवतमाळची, बोलकी. गाडी शिकली तीही कोकिळेकडूनच. कपाशीचं बोंड दाखवता दाखवता ती पाहुण्यांना पोट धरून हसायला लावी. एका संध्याकाळी किसनराव सहज म्हणाले, "कोकिळा, पुढची गाडी प्रेरणाले चालवू दे. तू मांगं राह्य. हवेचं काम तुह्यासारखं कोणाले जमते?"

"हो, मामाजी," कोकिळा म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचा जीव जळू लागला. प्रेरणाच्या पोळ्या करपल्या तरी सासरे मुकाट खात. आपल्या भाजीत मीठ कमी पडलं की लगेच मागत. पूर्वी हे तिच्या ध्यानातही आलं नसतं. तिनं नवऱ्याजवळ गाऱ्हाणं मांडलं, तर तो म्हणाला, "अवं, गाडी मांगं असो का पुढं, पोहोचते तं एकाच जागी." तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्या रविवारी नागपूरचे चार पाहुणे आले होते. पहाटे पावसाची सर येऊन गेली होती. कोकिळेनं पाहुण्यांच्या आणि स्वतःच्या गाडीत मोजून चार पाउंड हवा ठेवली. तेवढ्यात प्रेरणा आली.

"ताई, माह्या गाडीत किती ठेवू?"

"सात."

"पाणी आलं ना पण?"

"पह्यले मुरूमच लागते. सात असू दे."

प्रेरणानं निमूट पंप लावला.

मुरमावर पुढची गाडी टणाटणा उडत गेली. कोकिळा शेवटून पाहत होती. कपाशीपाशी काळी माती लागली आणि प्रेरणाचे टायर चिखलानं लडबडून गुळगुळीत झाले. चाकं जागीच गरगरली, गाडी आडवी सरकून रुतली. पाहुणे बाजूनं पुढे निघून गेले. "मॅडम, धक्का मारू काय?" एक जण ओरडला. कोकिळेला आतून गारगार वाटलं.

बांधावर उभे राहून पाहणारे किसनराव खाली आले. त्यांनी टायरवर टाच दाबली. टायर जराही दबला नाही.

"एवढी हवा? कोणं सांगतली?"

कोकिळेनं गाडी बंद केली. आता आपलं नाव येणार, आणि पुढची गाडीच काय, मागचीही जाणार.

"कोणी नाही, मामाजी," गालावरचा चिखल पुसत प्रेरणा म्हणाली. "ताईंनं चारच सांगतली होती. मीच इसरली."

"मंग पुढची गाडी कोकिळेलेच बरी," किसनराव म्हणाले.

परतल्यावर कोकिळेनं जावेला पंपापाशी गाठलं. "काहून खोटं बोलली?"

"पाहुण्यांपुढं घरातलं काढू काय?" प्रेरणाच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर कोकिळेनं तो सोसला असता. "तुमाले पुढची गाडी पाह्यजे होती, तं मले सांगायचं ना, ताई. मी कायले धरून बसली असती?"

कोकिळा पंपाची नळी गुंडाळू लागली. जिच्याकडून गाडी हिसकावली, तिनंच ती हातावर ठेवल्यासारखी दिली होती.

पुढच्या रविवारी कोकिळा पुन्हा सर्वांत पुढे होती. प्रेरणाच्या गाडीची हवा तिनं आज दोनदा मोजली होती. काळ्या मातीतून सगळी रांग एकसारखी निघाली, आणि मागून हसण्याचा मोठा आवाज आला. कोकिळेनं वळून पाहिलं. सगळ्या पाहुण्यांच्या माना शेवटच्या गाडीकडे वळलेल्या होत्या.

"समोर पाहा, माती ओली हाय!" ती ओरडली. कोणी ऐकलं नाही. मागून प्रेरणानं तेच सांगितलं, तेव्हा कुठं सगळ्यांनी समोर पाहिलं.