नजरेसमोरचं स्टूल

फ्राऊ केलर आपल्याच कार्यशाळेचं दार वाजवून आत जात. आत माणूस नसे. लाकडी फळीवर रंगवलेली, डोक्याला पांढरं वस्त्र गुंडाळलेली एक जुनी फ्लेमिश बाई असे. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आत कोण आहे?"

"ते कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच वाजवायचं."

म्युनिकच्या त्या संस्थेत त्या जुनी चित्रं दुरुस्त करत. मी पीएचडीसाठी चित्रांचे, वरच्या रंगाखालचं दाखवणारे इन्फ्रारेड फोटो काढायचे. पेणहून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीचं जर्मन त्यांनी पेन्सिलीने सुधारलं, एकदाही न हसता. माझी धांदल दिसली की म्हणत, "घाई रंगाला कळते."

ती बाई वीस वर्षं त्यांच्या कार्यशाळेत पडून होती. निवृत्तीआधीचं शेवटचं काम तीच. माझ्या फोटोत दिसलं, की तिचे समोर बघणारे डोळे नंतर कुणीतरी रंगवलेत. खालचे मूळ डोळे डावीकडे वळलेले आहेत. वरचा थर काढायचं ठरलं. पण खालचा रंग टिकला नसेल, तर ती कायमची आंधळी होणार होती. फ्राऊ केलर कित्येक दिवस रंग पुसायचे कापसाचे बोळे नुसते वळत बसल्या.

मी स्काइपवर बाबांना हे सांगितलं. बाबा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतात. शेवटची रेघ ओढली की झटकन बाजूला होतात. पहिली नजर माणसाने झेलू नये म्हणतात. "अगं, त्या बाईंनाही बाजूला व्हायला सांग."

मी सांगितलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "तुझे वडील खरे कारागीर."

शेवटचा बोळा फिरला. डोळे शाबूत होते. कालच रंगवल्यासारखे ओले वाटत होते. फ्राऊ केलर माझ्याकडे बघून हसल्या, आठवणीने बाजूला झाल्या आणि डावीकडे, खिडकीजवळच्या आपल्या रोजच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

ते डोळे त्यांच्याकडेच बघत होते.

"फ्राऊ केलर, तिथून उठा ना."

"आल्झो, हे बघ, वीस वर्षं रंगाखालून बघतेच आहे ही मला," त्या हळूच म्हणाल्या. "आता तोंड कुठे लपवू?" कॉफी गार झाली तरी त्या उठल्या नाहीत.

निवृत्तीनंतर तीनच महिन्यांनी त्या झोपेत गेल्या. ते दार आता मी वाजवते.

बाबांना कळवलं. ते म्हणाले, "बाजूला झाल्या होत्या ना गं?"

"झाल्या होत्या, बाबा."

कुठल्या बाजूला, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.